जांभळ्या कानांचं चित्र

सर,

तुम्ही गेल्याचं मला चार महिन्यांनी कळलं, तेही भाजीवाल्यापाशी उभ्या उभ्या. वर्गातली एक जुनी मैत्रीण भेटली, म्हणाली, "अगं, आपले चित्रकलेचे सर गेले की! तुला माहीतच नाही?" मी म्हटलं, "हो का," आणि अर्धा किलो गवार घेतली. घरी येऊन ती गवार मोडताना रडले. गवारीला कोण रडतं, निदान कांदा तरी असायला हवा होता. त्यालाही आता वीसएक वर्षं झाली. तेव्हाच लिहायला हवं होतं. पण मेलेल्या माणसाला पत्र लिहायचं म्हणजे डोकं फिरलंय का, असं मीच मला विचारलं आणि कुकर लावला. तुम्ही जिवंत होतात तेव्हाही लिहिलं नाही, तेव्हा तर तुम्ही तीन गल्ल्या पलीकडे राहत होतात.

आज बसले त्याला कारण आहे. समोर टेबलावर आमच्या बाबांचं चित्र ठेवलंय, फ्रेममधून बाहेर काढून. तेच, जांभळ्या कानांचं. तुमच्या हाताखालून हजारो पोरांची चित्रं गेली असतील, पण जांभळ्या कानांचा माणूस एकच असणार, म्हणून ओळख देत बसत नाही. आई गेल्या महिन्यात गेली. तिची खोली रिकामी करतेय. चित्र भिंतीवरून उतरवताना हातातून सटकलं आणि काच तडकली. म्हणून मागचे बारीक खिळे उचकटून कागद बाहेर घेतला, आणि इतक्या वर्षांनी पहिल्यांदा त्या कागदावरून बोट फिरवलं. पापण्यांच्या जागी तो अजून खरखरीत लागतो, तिथे खोडलेलं आहे ना.

तुम्ही आमच्या शाळेत आलात तेव्हा मी सातवीत होते. त्याआधी चित्रकला म्हणजे काय, तर दोन डोंगर, मधे सूर्य, खाली झोपडी आणि एक नदी, जी कुठल्याही वर्गात कुठल्याही पोराच्या वहीत डावीकडून उजवीकडेच वाहायची. तुम्ही पहिल्याच तासाला पन्नास वह्या चाळल्यात आणि विचारलंत, "डोंबिवलीत दोन डोंगरांच्या मधून सूर्य उगवताना कुणी पाहिला आहे? हात वर करा." कुणाचाच हात नाही. मागच्या बाकावरून एक जण म्हणाला, "सर, आमच्या गच्चीवरून मलंगगडाच्या बाजूने येतो." तुम्ही म्हणालात, "मग बाळ, मलंगगड काढ की. त्याने तुझं काय वाकडं केलं आहे?" आम्ही सगळी 'मी गेलेलो, तो आलेला' करणारी पोरं, आणि तुमचं ते पुस्तकातल्यासारखं बोलणं. मधल्या सुट्टीत आम्ही तुमची नक्कल करायचो. सगळ्यात चांगली मी करायचे, हे तुम्हाला माहीत नसेल.

मग आरशाचा शुक्रवार. प्रत्येकाने घरून आरसा आणायचा, स्वतःचं तोंड काढायचं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "शाळेत आरसा? सर आहेत का न्हावी?" घरात आरसा एकच, बाबांचा दाढीचा. पत्र्याच्या चौकटीचा, मागे दुमडायचा पाय असलेला. बाबा म्हणाले, "घेऊन जा गो. माझी दाढी एक दिवस वाढली म्हणून मशीन काय बंद पडत नाय." वर्गात पन्नास आरसे. पहिली दहा मिनिटं कुणी तोंड बघितलंच नाही, सगळ्यांनी छतावर कवडसे नाचवले. पर्यवेक्षिका बाई दारात आल्या तर एक कवडसा नेमका त्यांच्या डोळ्यांत. तुम्ही शांतपणे त्यांना म्हणालात, "बाई, आज मुलं स्वतःकडे बघत आहेत, थोडा गोंधळ होणारच." मग तुम्ही बाकांमधून फिरायला लागलात. सगळ्यांनी स्वतःला गोरं केलेलं. मुलींनी डोळे माशासारखे काढलेले, पापण्या झाडूसारख्या. तुम्ही एकीला म्हणालात, "ही सिनेमातली बाई छान आहे. पण तू कुठे गेलीस?" माझ्यापाशी थांबलात. माझ्या आरशात बघितलंत, कागदाकडे बघितलंत. "डोळे तुझे आहेत. नाक मात्र शेजारणीचं घेतलं आहेस. का गं, घाबरलीस नाकाला?" नाक माझं फेंदारं, मी ते जरा चाफेकळी केलेलं. पकडली गेले.

त्याच तासाला तुम्ही नियम सांगितलात. दिसलं ते काढायचं. दिसलं नाही ती जागा कोरी सोडायची. "कोऱ्या जागेचे मी गुण कापत नाही. खोट्या रेषेचे कापतो." एका मुलीने स्वतःचे कानच काढले नव्हते, तेल लावलेल्या घट्ट वेण्यांखाली ते तिला दिसले नाहीत म्हणून. तिला तुम्ही पैकीच्या पैकी दिलेत. वर्गात केवढी बोंब झाली होती.

पुढच्या शुक्रवारसाठी घरचा अभ्यास होता, घरातलं एक माणूस समोर बसवून त्याचं चित्र. आई बसेना. तिला एका जागी बसलेलं मी आयुष्यात फार कमी पाहिलं. राहिले बाबा. ते मानपाड्याच्या बाजूला रंगाच्या कारखान्यात होते. रात्रपाळी कुणाला नको असायची आणि बाबांना नाही म्हणता यायचं नाही, त्यामुळे महिनोनमहिने रात्रपाळीच. सकाळी यायचे, आंघोळ करून झोपायचे. मी शाळेतून यायचे तेव्हा ते झोपलेले, ते उठायचे तेव्हा मी खाली खेळत, मी वर यायचे तेव्हा ते डबा घेऊन निघालेले. रविवारी ओव्हरटाइम. मग मी दुपारी त्यांच्या खाटेशेजारी स्टूल ठेवलं, वर चढून बसले आणि ते झोपलेत तसं वरून काढलं. तोंड समोरून आलं, डोक्यामागे उशी. आणि रंग दिसला तो रंग दिला. कारखान्यात त्या आठवड्यात जांभळा चाललेला. कितीही साबण लावला तरी कानांच्या मागे, पाळ्यांना आणि नखांच्या कडेला तो बसायचाच. बाकी सगळं पेन्सिलीने आणि कान तेवढे जांभळ्या तेलखडूने. मला ते चित्र फार आवडलं होतं.

तुम्ही ते वर्गासमोर वर धरलंत. "माणूस बघून काढायला सांगितला होता. जांभळे कान कुठे बघितलेस?" वर्ग हसला. मी म्हटलं, "आमच्या घरी." वर्ग आणखी हसला. तुम्हाला वाटलं मी चेष्टा करतेय, माझा लौकिकच तसा. तुम्ही चिडलात. ओरडला नाहीत, तुम्ही कधीच ओरडायचा नाहीत, नुसतं म्हणालात, "बाहेर उभी राहा. उद्या वडिलांना घेऊन ये." मी बाहेर उभी राहिले आणि मनात तुम्हाला काय काय शिव्या दिल्या ते आता लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी बाबा पाळी संपवून तसेच आले, आंघोळ न करता. माझ्या नशिबाने शनिवारी पहिला तास तुमचाच होता, दुसऱ्या सरांच्या बदली. बाबा वर्गाच्या दारात उभे. कान जांभळे, मान जांभळी, हाताची बोटं तर वांग्यासारखी. पन्नास पोरं माना वळवून बघायला लागली. बाबांनी हात जोडले, "नमस्कार सर. पोरीने काय केलं काय?" तुम्ही कितीतरी वेळ बघत राहिलात. मग विचारलंत, "हा रंग...?" बाबा हसले, "या आठवड्यात जांभळा चाललाय. गेल्या आठवड्यात पिवळा होता, तेव्हा बायको म्हणाली, आता हळद लागलीच आहे तर दुसरं लग्न करून टाका." वर्ग खो खो हसला, पण ते हसणं वेगळं होतं. तुम्ही हसला नाहीत. तुम्ही आमच्याकडे वळलात आणि म्हणालात, "काल मी चुकलो. न बघता बोललो. या मुलीने बघून काढलं होतं." असं कुठला मास्तर म्हणतो हो? आजही मी ऐकलेलं नाही. तिथेच थांबला असतात तरी चाललं असतं. पण तुम्ही बाबांना म्हणालात, "पाच मिनिटं बसता का?" आणि स्वतःची खुर्ची फळ्याजवळ ओढून त्यांना बसवलंत, खिडकीच्या उजेडात, आमच्याकडे तोंड करून. मग खडू घेतलात आणि फळ्यावर बाबांना काढायला लागलात.

सर, ती पाच मिनिटं मी बघितलीच नाहीत.

मला लाज वाटत होती. बाबांची नाही, तसं म्हणणारीचं मी थोबाड फोडेन. सगळा वर्ग एकदा बाबांकडे, एकदा फळ्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघत होता, ते मला सोसेना. मी पहिल्या बाकावर. मान खाली घातली ती वर केलीच नाही. समोर बाबांचे पाय होते, तेवढेच बघत बसले. खडूचा आवाज येत होता, बाबा मधेच काहीतरी बोलले, पोरं 'ओऽऽ' करत होती, म्हणजे चित्र हुबेहूब येत असणार. बाबा उठले तेव्हा माझ्या डोक्यावर टपली मारून गेले. मग घंटा झाली, गणिताच्या बाई आल्या आणि त्यांनी डस्टर घेऊन फळा पुसला. तेव्हा मी मान वर केली.

चार महिन्यांनी बाबा गेले. हार्ट. दुपारी झोपले ते उठले नाहीत. मी शाळेतून आले, दप्तर टाकलं, पाणी प्याले, खाली खेळून आले, आणि मग आईने हाक मारली. ते मी काढलेल्या चित्रासारखेच दिसत होते. याच्यापुढे त्या दिवसाचं काही लिहीत नाही.

दिवसांना फोटो हवा. फोटो नव्हता. लग्नातला गावी होता, त्याला कोकणातल्या ओलीने आणि वाळवीने खाल्लेलं. राहिला कंपनीच्या पासावरचा, नखाएवढा, आणि त्याच्यावर शिक्का मारलेला. शिक्का नेमका कपाळापासून नाकापर्यंत. आई तो पास घेऊन स्टेशनजवळच्या स्टुडिओत गेली, मी बरोबर. तो माणूस भिंगातून बघून म्हणाला, "वहिनी, खालचं तोंड मिळेल. डोळे मी हाताने भरून देतो, कळणारसुद्धा नाही. कितीतरी जणांना दिलेत." आईने पास त्याच्या हातातून हिसकावला. "कुणाचे तरी डोळे लावून माझा नवरा देता? राहू दे." बाहेर आल्यावर पायरीवर बसली ती उठेना. मग मला म्हणाली, "तू चित्र काढलेलंस ना गो? ते कुठाय?"

ते तुमच्या कपाटात होतं. तुम्ही गठ्ठ्यातून काढून दिलंत. आईने बघितलं, पदर तोंडावर धरला आणि म्हणाली, "सर, एवढे डोळे उघडून द्या. मिटलेले नाही बघवत." मला वाटलं तुम्ही लगेच खाली बसून करून द्याल, तुम्हाला काय, पाच मिनिटांचं काम. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. "हिचं चित्र आहे. मी यांना एकदाच पाहिलं. ही रोज बघत होती. हीच उघडेल." आणि ड्रॉवरमधला नरम रबर माझ्या हातावर ठेवलात. "पापण्या हलक्या हाताने उचल. घाई करू नकोस."

मी रोज बघत होते! सर, तुम्हाला काय सांगू. घरी येऊन कागद समोर ठेवला, डोळे मिटले आणि बाबांना आठवायला बसले. कान आले. मिशा आल्या. हनुवटीवरचा कापल्याचा वण आला. डोळ्यांपाशी काहीच येईना. बाबा हाक मारताना, डबा उचलताना, मला टपली मारताना, सगळीकडे बाबा होते आणि डोळ्यांच्या जागी नुसतं बाबा आहेत असं वाटणं. आपल्या बापाचे डोळे आठवत नाहीत हे कुणाला सांगणार? आईला? ती स्टुडिओच्या पायरीवर बसलेली मी बघितली होती. पहिल्या दिवशी पापण्या खोडल्या. दुसरा दिवस तो बिनडोळ्यांचा कागद समोर ठेवून काढला. तुमचा नियम मला पाठ होता, दिसलं नाही ती जागा कोरी सोडायची. पण ते तोंड कोरं सोडायचं कसं, तुम्हीच सांगा. तिसऱ्या दिवशी दुपारी आई मोरीत भांडी घासत होती. मी बाबांचा दाढीचा आरसा घेतला, त्याचा पाय उघडून जमिनीवर उभा केला, आणि माझे डोळे काढले. एक आणि दुसरा. पापण्यांखाली थोड्या सावल्या घातल्या, मोठ्या माणसाचे वाटावेत म्हणून.

आई हात पुसत आली. बराच वेळ बघितलं तिने. मग म्हणाली, "हां. असेच बघायचे." आणि हातोडी शोधायला गेली.

तेराव्याला तुम्ही आमच्याकडे आलात. पांढरा सदरा, हातात पिशवी, दारात चपलांच्या ढिगाऱ्यात तुमच्या चपला नीट जोडून ठेवलेल्या. चित्राला हार घातलेला होता. उशी तशीच राहिली होती त्यामुळे कोण एक काकू म्हणत होती, "मागे ढग काय सुंदर काढलेत, अगदी वर गेल्यासारखे." तुम्ही जवळ जाऊन उभे राहिलात. चित्राकडे बघितलंत. माझ्याकडे बघितलंत. पुन्हा चित्राकडे. मला वाटलं, आता म्हणणार, खोटी रेषा. तुम्ही म्हणालात, "आता याला हात लावू नकोस." आणि खिशातली तुमची स्वतःची पेन्सिल, ती जाड काळ्या शिशाची, अर्धी झालेली, माझ्या हातात दिलीत. "ग्रेड परीक्षेला बसायचं आहे तुला. शनिवारी शाळा सुटल्यावर थांबत जा." आई शेजारी उभी होती, तिच्या तोंडावर दहा-बारा दिवसांत पहिल्यांदा काहीतरी बरं दिसलं. मी पेन्सिल घेतली. त्या क्षणी बोलायला हवं होतं, पण चोराला बक्षीस मिळालं तर तो काय बोलणार.

शनिवारी मी थांबले नाही. पुढच्याही नाही. तुम्ही जिन्यात एकदा विचारलंत, "का गं, येत नाहीस?" मी म्हटलं, "सर, वेळ नाही मिळत, आईला शिवणात मदत करते." खोटं. आई शिवायची हे खरं, मी मदत करत होते हे खोटं. तुमच्यासमोर कागद ठेवून बसायचं म्हणजे कधी ना कधी तुम्ही म्हणणार, वडिलांसारखं काढ, बघून काढलेलं. ते मला जमणार नव्हतं. पुढे रेषा मारायचा हात होता म्हणून ठाण्याला एका सरकारी कार्यालयात ट्रेसर लागले. पारदर्शक कागद ठेवायचा आणि खालच्या नकाशावरून गिरवायचं. वीस वर्षं दुसऱ्यांच्या रेषा गिरवल्या, कुठे बघायचं काम पडलं नाही. साहेब म्हणायचे, "बाई, तुमची रेषा म्हणजे रेषा!" मला हसू यायचं. एकदा, नव्वदच्या नंतरची गोष्ट, मंडईत तुम्ही समोरून येताना दिसलात. पाठीत वाकला होतात, चष्मा जाड झालेला. मी चक्क कोबीच्या ढिगाऱ्यामागे खाली बसले. भाजीवाली म्हणाली, "ओ ताई, काय पडलं काय?" तुम्ही पुढे गेलात. मी दोन किलो कोबी घेतला, तिचं तोंड बंद करायला. आठवडाभर घरात कोबी.

आता आईचं सांगते. गेल्या दिवाळीआधी मी तिच्याकडे साफसफाईला गेलेले. ती खाटेवर, पाय सुजलेले, पण तोंड चालू. मी स्टुलावर चढून चित्राची काच पुसत होते. ती खालून म्हणाली, "डावा डोळा जरा बारीक होता त्यांचा."

"कुणाचा?"

"कुणाचा म्हणजे? तुझ्या बापाचा. लहानपणी विटी लागलेली. बोलायला लागले की आणखी बारीक व्हायचा. झोपले की मग दोन्ही सारखे."

मी फडका हातात धरून तशीच उभी. काच पुसत राहिल्यासारखं केलं. विचारलं, "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं होतं? तू आरसा घेऊन बसलेलीस, मी मोरीतून बघत होते. भांडी घासायचं थांबले होते. तुला वाटलं, मी नवऱ्याचे डोळे विसरेन? खुळी की काय तू!"

"तू म्हणालीस, असेच बघायचे."

"मग काय म्हणू? बारा वर्षांची पोर, तीन दिवस धड जेवली नव्हतीस." मग म्हणाली, "आणि बरंच झालं की. दोघं एका फोटोत आलात. खिळा एकच लागला." आणि चहा टाक म्हणाली.

चहा टाकला. दूध उतू जाताना बघत उभी राहिले आणि तेव्हा तुमचं लक्षात आलं. तुम्ही बाबांना खिडकीच्या उजेडात बसवून पाच मिनिटं टक लावून बघितलं होतंत. ते बोलतही होते. माझ्या नाकावरची एवढीशी लबाडी पकडणारा माणूस, त्याला तो डावा डोळा दिसला नसेल? तुम्ही तो फळ्यावर काढलासुद्धा असणार. आणि माझे डोळे तर तुम्ही आरशाच्या शुक्रवारीच तपासलेले, 'डोळे तुझे आहेत' म्हणून. तेराव्याला तुम्ही चित्राकडे, माझ्याकडे आणि पुन्हा चित्राकडे बघितलंत, ते उगीच नव्हतं. तुम्हाला कळलं होतं. खोट्या रेषेचे गुण कापणारे तुम्ही, दोन अख्खे खोटे डोळे बघितलेत आणि गुण कापायचे सोडून पेन्सिल दिलीत.

मला आधी राग आला, खरं सांगते. आईला माहीत, तुम्हाला माहीत, आणि मी मूर्ख इकडे कोबीमागे लपतेय! एक शब्द टाकला असतात तर? 'मला माहीत आहे, चालेल' एवढंच. मग वाटलं, तुम्ही जिन्यात विचारलंत ना, 'का गं, येत नाहीस?' तोच तो शब्द असेल. मीच शिवणाचं कारण सांगून निघून गेले. राग गेला. त्याच्यानंतर जे आलं ते अजून गेलेलं नाही, सर. तुमच्याकडे शनिवारी थांबायला हवं होतं, एवढंच ते आहे.

आज दुपारी तुमच्या पेन्सिलीला पहिल्यांदा टोक काढलं. इतकी वर्षं ती शिवणाच्या डब्यात होती, बटणांबरोबर. ब्लेडने काढलं, तुम्ही शिकवलेलं तसं, लांब. चित्र समोर होतं. म्हटलं, आता काच नाही, आई नाही, डाव्या डोळ्याची वरची पापणी केसभर खाली आणली की झालं. बाबांना त्यांचा डोळा मिळेल. हात टेकवला. तुम्ही 'हात लावू नकोस' म्हणाला होतात ते आठवलं, पण त्याने नाही थांबले, तुमचं मी कधी ऐकलं होतं? विटी लागलेली, बारीक होता, बोलताना आणखी बारीक व्हायचा. हे सगळं मी ऐकलंय. बघितलेलं नाही. त्या दिवशी वर्गात मान वर केली असती तर बघितलं असतं. ऐकलेला डोळा काढायचा म्हणजे पुन्हा शेजारणीचं नाक. पेन्सिल कागदावरून उचलली.

उद्या नवीन काच बसवून आणते. हे पत्र चित्राच्या मागे घालून खिळे ठोकून टाकेन, तुमच्या पत्त्यावर आता सात मजली इमारत आहे. एक सांगायचं राहिलं. टोक काढलेली पेन्सिल वाया जाऊ नये म्हणून याच पानाच्या मागच्या बाजूला बाबांच्या चपला काढल्यात. डावीचा अंगठा तांब्याच्या तारेने शिवलेला, टाचांच्या जागी जांभळे डाग, आणि उजवी जरा पुढे, उठायच्या तयारीत. त्या मी पाच मिनिटं नीट बघितल्या होत्या.